शाफ्टवाल्या मोटरसायकलचा फायनल ड्राइव्ह: तेल बदलण्याचा आणि स्प्लाइन जपण्याचा बरोबर क्रम

शाफ्टवाली (चेनऐवजी फिरत्या दंडाने मागचं चाक चालवणारी) गाडी विकणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो : "चेनची कटकट नाही, मागं वळून बघायचंसुद्धा काम नाही." पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवलेल्या सेकंडहँड गाड्या मी पाहिल्या आहेत. इंजिन ऑइल दर पाच हजाराला बदललेलं, बिलं फाइलला लावलेली आणि मागच्या चाकाजवळच्या त्या गोल डब्यातलं, म्हणजे फायनल ड्राइव्हमधलं, तेल मात्र काळंकुट्ट. उलट्या टोकाचे लोकही आहेत. ते उत्साहाने तेल बदलतात, पण चुकीचा प्लग आधी उघडतात, अंदाजाने भरतात आणि महिन्याभरात मागच्या रिमवर तेलाचा पट्टा आला की सीलला (तेल अडवणाऱ्या रबरी कडीला) दोष देतात.

काम अवघड नाही. नुसतं तेल बदलायला पाऊण तास पुरतो. बिघाड होतो तो क्रम चुकल्याने आणि माप चुकल्याने, म्हणून या लेखात भर त्या दोन्हींवर आहे. बीएमडब्ल्यू आर १२०० जीएस आणि होंडा गोल्डविंग या दोन गाड्यांचे आकडे मी उदाहरणादाखल देतो, कारण तेलाचं माप आणि पातळी ठरवायची पद्धत दोघींत वेगळी आहे. तुमची गाडी ट्रायम्फ, मोटो गुझ्झी, सुझुकी किंवा यामाहा असेल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तुमच्या मॅन्युअलमधले घ्या.

१. पाना हातात घेण्याआधी पाच गोष्टी लिहून काढा

मॅन्युअल उघडा आणि एका कागदावर एवढं लिहा : तेलाचा ग्रेड, तेल किती मिली, पातळी कशी ठरवायची, दोन्ही प्लगचा टॉर्क (किती जोराने आवळायचं ते माप), आणि किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचं.

यातल्या तिसऱ्या मुद्द्यावर बरेच जण घसरतात. गोल्डविंग जीएल १८००मध्ये बदलताना साधारण १२० मिली तेल लागतं आणि भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ते आलं की पातळी बरोबर. आर १२०० जीएसमध्ये बदलताना १८० मिली, तेही मोजून. या जीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर तेल एबीएस सेन्सर (ब्रेकसाठी चाकाचा वेग मोजणारा) काढून त्याच्या भोकातून भरावं लागतं. ते भोक इतकं वर आहे की तिथे "काठापर्यंत" या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

या सुरुवातीच्या, २००४च्या आसपासच्या जीएसना खालच्या बाजूला ड्रेन प्लगच नव्हता. तेल आयुष्यभर पुरेल असा हिशेब होता. पुढे तो हिशेब बदलला, खाली प्लग आला आणि पहिल्या हजार किलोमीटरला एकदा, त्यानंतर वीस हजाराला किंवा दोन वर्षांनी तेल बदलायचं असं ठरलं. सेकंडहँड गाडी घेताना "याचं तेल बदलायचंच नसतं" असं कुणी सांगितलं तर ते वाक्य त्या काळातलं आहे एवढं ओळखा.

ग्रेडबद्दल थोडं. फायनल ड्राइव्हमध्ये शाफ्टच्या टोकाचं लहान दातेरी चाक (पिनियन) मोठ्या दातेरी चाकाला (क्राउन) फिरवतं आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळते. ज्या गाड्यांत ही जोडी हायपॉइड पद्धतीची असते तिथे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घसरतातही. ती घसरण सोसायला तेलात जास्त दाबाची रसायनं लागतात, म्हणून मॅन्युअलमध्ये बहुधा जीएल-५ (तेल किती दाब सोसतं याची प्रतवारी) लिहिलेलं असतं. दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हणालात तर समोर येणारा डबा जीएल-४चा असू शकतो. डब्याची मागची बाजू वाचा. ७५डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर तेच, हायपॉइड ८० लिहिलं असेल तर तेच. घरी उरलेलं इंजिन ऑइल इथे चालत नाही, आणि "थोडं ॲडिटिव्ह टाकतो, गिअर गुळगुळीत होतील" हा सल्लाही नको.

एक लिटरचा डबा घेतलात तर १८० मिलीच्या हिशेबाने पाच वेळा पुरेल. डब्यावर उघडल्याची तारीख घाला आणि बूच घट्ट लावून ठेवा.

२. सामान आधी मांडा

- प्लगच्या मापाचा ॲलन, टॉर्क्स किंवा सॉकेट. झिजलेला ॲलन चालणार नाही.
- लहान मापाचा टॉर्क पाना. चाकाचे नट आवळायचा मोठा पाना इथे कामाचा नाही, २० न्यूटन मीटरला त्याचा अंदाज चुकतो.
- दोन्ही प्लगचे नवे वॉशर किंवा ओ-रिंग. जुने पालथे घालून बसवू नका.
- मेडिकलमधून ५० किंवा ६० मिलीची सिरिंज आणि तिला घट्ट बसेल अशी वीतभर पारदर्शक नळी.
- मिलीच्या खुणा असलेलं भांडं. कपड्याच्या साबणाबरोबर येणारं मापाचं टोपण नको, खुणा स्पष्ट हव्यात.
- पांढरं फडकं, पुठ्ठा, हातमोजे, ब्रेक क्लीनर.

पांढरं फडकं मुद्दाम लिहिलंय. गॅरेजमधल्या रंगीत चिंध्यांवर धातूचा चुरा दिसत नाही.

३. तेल काढण्याआधी चाक हलवून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. आत बेअरिंग सैल झालं असेल तर नवं तेल घालून काही होणार नाही, उलट "आत्ताच सर्व्हिस केली" या समाधानात तुम्ही लडाखला निघाल.

गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक अधांतरी हवं. डबल स्टँड नसेल तर मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड लागेल. साइड स्टँडवर हे काम होत नाही.

आता चाक घड्याळ समजा. बारा आणि सहावर हात ठेवून चाक आत-बाहेर हलवा, मग तीन आणि नऊवर. हाताला "टक" असं जाणवलं तर प्ले, म्हणजे नको असलेली मोकळीक, आहे. तो कुठला हे शोधायला दुसरा माणूस लागतो. त्याला स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि फायनल ड्राइव्हचं हाऊसिंग (बाहेरचा डबा) जिथे जुळतं त्या फटीवर बोट ठेवायला सांगा आणि तुम्ही चाक हलवा. बोटाखालची फट हलली तर त्या सांध्याचं, म्हणजे पिव्हटचं, बेअरिंग सैल आहे. फट स्थिर आहे आणि चाक हाऊसिंगच्या तुलनेत हलतंय, तर क्राउनचं मोठं बेअरिंग संशयाखाली. पहिली दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. दुसऱ्या बाबतीत गाडी तिथेच थांबवायची.

चाक पुढे-मागे फिरवलं की थोडीशी मोकळीक लागतेच, त्याला घाबरू नका. दात्यांमध्ये तेवढी जागा ठेवलेली असते. गाडी गिअरमध्ये असेल तर गिअरबॉक्सची मोकळीक त्यात मिळते आणि आकडा उगाच मोठा वाटतो, म्हणून न्यूट्रल. चाक हळू फिरवताना कान हाऊसिंगजवळ न्या. एकसारखा घुमारा चालेल. खरखर, किंवा प्रत्येक फेरीत एकाच जागी अडखळणं चालणार नाही.

तपासा : हाऊसिंगच्या तळाशी, चाकाकडच्या सीलभोवती आणि स्विंगआर्मच्या जोडावर ओल आहे का? धूळ चिकटून काळा लेप झाला असेल तर तो पुसून टाका आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा बघा. जुना डाग आणि चालू गळती यात फरक असतो.

४. गाडी कोमट, सरळ आणि स्वच्छ

दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. थंड गिअर ऑइल मधासारखं सावकाश उतरतं आणि तळाचा चुरा आतच राहतो. पण लांबच्या रपेटीवरून आल्या आल्या हात घालू नका. सायलेन्सर बहुधा शेजारीच असतो.

परत आल्यावर गाडी सपाट जमिनीवर. पुण्यातल्या सोसायट्यांची पार्किंग पाणी वाहून जावं म्हणून उतरती असते, ते डोळ्यांना कळत नाही. फोनमधलं लेव्हलचं ॲप किंवा गवंड्याची पाणपट्टी लावा. काठापर्यंत भरायच्या गाडीत हा उतार थेट मापात उतरतो.

दोन्ही प्लगभोवतीची माती ब्रशने झाडा, ब्रेक क्लीनरने पुसा. ॲलनच्या खाचेत अडकलेला चिखल सुईने काढा, नाहीतर ॲलन पूर्ण आत बसत नाही आणि खाच गोल होते. प्रेशरचं पाणी सीलवर आणि ब्रीदरवर (हवा ये-जा करायच्या छिद्रावर) मारू नका. धुण्याच्या नादात आत पाणी ढकलण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

ब्रेक डिस्क आणि टायर पुठ्ठ्याने झाका. त्यावर तेल उडालं तर नंतरचे सगळे कष्ट फुकट.

५. आधी भरायचं झाकण, मग खालचा प्लग

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

खालचा प्लग काढून तेल सांडून दिलं आणि मग वरचं झाकण जाम निघालं, तर गाडी कोरडी झाली आणि भरायला वाट नाही. टेंपो बोलवावा लागतो. वरचं झाकण आधी सैल झालं, नीट हाताने फिरलं, मगच खाली हात घाला. ते आधी उघडल्याने हवा आत जाते आणि खालून तेल अडखळत न येता एका धारेत पडतं, हा दुसरा फायदा.

झाकण निघत नसेल तर पाइप लावून जोर करू नका. हाऊसिंग ॲल्युमिनियमचं आहे. हीट गनने किंवा हेअर ड्रायरने प्लगभोवतालचा भाग थोडा तापवा आणि ॲलन पूर्ण खोल बसवून एकाच सरळ झटक्यात फिरवा. दोन प्रयत्नांत नाही हललं तर खालच्या प्लगला हात न लावता गाडी गॅरेजला न्या. अजून तेल आत आहे, गाडी चालती आहे.

ज्या गाडीत एबीएस सेन्सरच्या भोकातून भरायचं असतं तिथे सेन्सर सरळ ओढून काढा, पिळू नका. त्याची वायर क्लिपमधून आधी मोकळी करा. काही गाड्यांत तेल पूर्ण उतरावं म्हणून टॉर्क आर्मचा (हाऊसिंगला धरून ठेवणाऱ्या दांड्याचा) बोल्ट काढून हाऊसिंग थोडं खाली झुकवायला सांगितलेलं असतं. तसं असेल तर हाऊसिंगखाली आधी लाकडाचा ठोकळा द्या, ते शाफ्टच्या रबरी बुटावर लोंबकळता कामा नये.

६. तेल काढा आणि मोजा

भांडं खाली ठेवा, प्लग सैल करा, शेवटचे आटे हाताने सोडवा. धार पडून गेल्यावर पंधरा मिनिटं थेंब पडू द्या. मधूनमधून चाक हाताने हळू फिरवा. क्राउनच्या दात्यांत अडकलेलं तेल असं सुटतं. गाडी स्टँडवर चालू करून गिअरमध्ये फिरवू नका. लोंबत्या चाकाने शाफ्टचे जोड नेहमीपेक्षा जास्त कोनात असतात.

आता पडलेलं तेल मापाच्या भांड्यात ओता. हे कुणीच करत नाही, पण मिनिटभराचं काम आहे आणि त्यातून बरंच कळतं. १८० घातलं होतं आणि १७० आलं, ठीक, थोडं भिंतींना चिकटून राहतं. १२० आलं तर उरलेलं कुठे गेलं ते शोधायला हवं : बाहेर डाग नसेल तर सीलमधून शाफ्टच्या पोकळीत उतरलंय का ते बघा. आणि १८० घालून २२० आलं? मग एकतर मागच्या वेळी जास्त भरलं होतं, नाहीतर पाणी शिरलंय.

७. तेल आणि चुंबक वाचा

ड्रेन प्लगच्या टोकाला बहुतेक गाड्यांत चुंबक असतो. त्यावरचा लेप पांढऱ्या फडक्यावर पुसा, दोन बोटांत चोळा.

करडा, रुपेरी मलमासारखा लेप, बोटांना कण लागत नाही : हे नेहमीचं झिजणं. पहिल्या सर्व्हिसला तो जास्तच असतो, नवे दाते एकमेकांना बसत असतात.

उन्हात चमकणारे बारीक पापुद्रे : लक्ष ठेवा. तेल घाला, पण पुढच्या वेळी ठरलेल्या अंतराच्या निम्म्यातच उघडा.

नखाने उचलता येतील असे तुकडे, सुईसारखी काडी, दात्याचा कोपरा : नवं तेल घालू नका. तुकडा कागदात गुंडाळून ठेवा, मेकॅनिकला तो दाखवावा लागेल. पातळ, वाकलेले पापुद्रे बहुधा बेअरिंगच्या पृष्ठभागाचे असतात, जाड कोनेदार तुकडा दात्याचा.

चुंबकाला न चिकटणारा पिवळसर चुरा दिसला तर तो बेअरिंगच्या पितळी पिंजऱ्याचा असू शकतो. तो तेलातच तरंगतो, म्हणून तेल काचेच्या बाटलीत ओतून उन्हात धरा.

तेलाचा रंग चहात दूध घातल्यासारखा झाला असेल तर पाणी आहे. काळपट रंग आणि जळका वास म्हणजे तेल थकलंय. जीएल-५ला मुळातच गंधकाचा उग्र वास असतो, त्याला जळकं समजू नका. नव्या डब्याचा वास आधी घेऊन ठेवा, मग फरक कळतो.

तपासा : दुधाळ तेल निघालं तर एकदा नवं तेल घालून शंभरेक किलोमीटर फिरवा आणि पुन्हा बदला. एका बदलात पाणी पूर्ण जात नाही. मग पाणी कुठून आलं ते शोधा, त्यावर पुढे लिहिलंय.

८. खालचा प्लग बसवा

प्लग आणि त्याची बैठक पुसून कोरडी करा. नवा वॉशर घाला. पहिले तीन-चार आटे पाना न लावता, नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर प्लग तिरका बसतोय, काढा आणि पुन्हा लावा. मग टॉर्क पाना. बऱ्याच गाड्यांत हा आकडा २० ते २५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. हाताला तो अगदीच कमी वाटतो, म्हणून लोक "अजून थोडं" करतात आणि ॲल्युमिनियमचे आटे ओढून काढतात. आटे गेले की हेलीकॉइल (तारेचे नवे आटे) घालावी लागते आणि ड्रिलचा चुरा आत पडू न देता ते करणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

९. मोजून भरा

सिरिंजमध्ये तेल ओढा, नळी भोकात घाला, हळूहळू ढकला. ६० मिलीची सिरिंज तीनदा म्हणजे १८०. किती वेळा झालं ते मोठ्याने म्हणा किंवा खडूने रेघ ओढा, मध्येच फोन वाजला की आकडा विसरतो.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा जीपचं डिफरन्शियल डोक्यात होतं. भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरायचं, ते बाहेर आलं की बूच. माझी गाडी मोजून भरायची होती. तेल बाहेर येईना म्हणून मी ओततच राहिलो आणि खूश झालो की बघा, किती कमी होतं आत! दहा दिवसांनी ताम्हिणी उतरताना मागचा ब्रेक मऊ वाटायला लागला. थांबून बघितलं तर रिमच्या आतल्या बाजूला चाकाच्या आऱ्यांसारख्या तेलाच्या रेघा, आणि डिस्कच्या काठावर पातळ थर. जास्तीचं तेल तापून फुगलं होतं आणि सीलच्या ओठावरून वाट काढत होतं. ब्रेकपॅड फेकावे लागले. सीलला काही झालं नव्हतं, जास्तीचं तेल काढल्यावर गळती थांबली.

म्हणून : गळती दिसली की सील बदलण्याआधी तेल काढून मोजा.

कमी तेलाने दाते आणि बेअरिंग तापतात हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त तेलानेही डबा तापतो, कारण क्राउन ते तेल सतत घुसळत राहतं. दहा-वीस मिलीचा फरक इंजिनमध्ये खपून जातो. दीड-दोनशे मिलीच्या डब्यात तो दहा टक्के असतो.

भरून झाल्यावर वरचं झाकण नव्या वॉशरने किंवा ओ-रिंगने बसवा, टॉर्क द्या. एबीएस सेन्सर काढला असेल तर त्याच्या टोकाला चिकटलेला धातूचा लेप पुसून, ओ-रिंगला तेलाचा थेंब लावून परत बसवा. सगळं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं करा. ते क्लीनर सीलच्या ओठावर फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा.

पाच-सात किलोमीटर फिरून या. हाऊसिंगवर हाताची मागची बाजू ठेवा : गरम लागेल, पण चटका बसून हात मागे घ्यावा लागू नये. प्लगखाली कोरडा कागद ठेवून गाडी रात्रभर उभी करा.

वापरलेलं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी नको. बाटलीत भरून ज्या गॅरेजमध्ये जुनं तेल ड्रमात साठवून पुढे देतात तिथे द्या. ते आनंदाने घेतात.

१०. स्प्लाइन : सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा

तेल वेळेवर बदलूनही शाफ्टवाली गाडी एक दिवस चालायचीच थांबते. इंजिन चालू, गिअर पडतोय, क्लच सोडला की नुसता घर्र आवाज आणि चाक जागचं हलत नाही. तेव्हा बहुधा स्प्लाइनचे दाते संपलेले असतात.

स्प्लाइन म्हणजे दंडावर उभे कोरलेले दाते, जे समोरच्या खाचांत बसतात. ते एकमेकांवर फिरत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं झिजणार कशाने? पण सस्पेन्शनच्या आणि इंजिनच्या धक्क्याने ते केसाएवढे सतत सरकत असतात. साधं ग्रीस त्या दाबाखाली पिळून बाहेर जातं, धातू धातूवर घासतो आणि तांबूस पूड तयार होते. चाक काढल्यावर गंजासारखी विटकरी पूड दिसली तर स्प्लाइन कोरडी चालली आहे हे समजा.

आता गाडीगाडीतला फरक. जीएससारख्या गाडीत चाक थेट फायनल ड्राइव्हच्या फ्लँजला (बाहेरच्या चकतीला) बोल्टने बसतं, चाकाला स्प्लाइन नसते. स्प्लाइन शाफ्टच्या टोकांना, आत असते. पुष्कळशा जपानी शाफ्टवाल्या क्रूझरमध्ये मात्र चाकाच्या हबलाच दात्यांची तबकडी असते आणि चाक काढलं की ती समोर येते. अशा गाडीत नियम सोपा आहे : टायर बदलायला चाक निघालं की स्प्लाइन साफ करून ग्रीस. टायरवाला हे करत नाही. त्याच्याकडे तुम्ही स्वतः उभे राहा, किंवा चाक घरी काढून नुसतं चाक त्याच्याकडे न्या.

क्रम असा :

१. दोन्ही बाजूंचं जुनं ग्रीस रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर लावलेल्या ब्रशने पूर्ण काढा. जुन्यावर नवं थापू नका, त्या पुडीने नवं ग्रीसही घासणीचं काम करतं.

२. दाते बघा. माथा सपाट हवा. माथा धारदार होऊन करवतीसारखा दिसत असेल, किंवा नखाला दात्याच्या बाजूवर पायरी लागत असेल, तर सुटा भाग मागवा. दोन्ही जोडीने बदलावे लागतात, एक नवा आणि एक जुना घातला की नवाही लवकर जातो.

३. मॉलीची पेस्ट लावा. होंडाच्या मॅन्युअलमध्ये साठ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट सांगितलेली असते. बाजारात "मॉली ग्रीस" म्हणून मिळणाऱ्या साध्या डब्यात हे प्रमाण तीनेक टक्केच असतं, ते बेअरिंगचं ग्रीस आहे. टूथब्रशने प्रत्येक खाचेत पातळ, एकसारखा थर द्या. गोळा भरून ठेवला तर चाक फिरताना तो ब्रेककडे उडतो.

४. ओ-रिंग असेल तर नवी घाला. पेस्ट आत आणि पाणी बाहेर ठेवण्याचं काम तीच करते.

५. परत बसवताना घाई नको. फायनल ड्राइव्ह स्विंगआर्मला नटांनी बसतो अशा अनेक गाड्यांत ते नट आधी नुसते हाताने लावायचे असतात. मग चाक, मग ॲक्सल टॉर्कवर, आणि शेवटी फायनल ड्राइव्हचे नट. उलट केलं, म्हणजे नट आधी आवळले, तर हाऊसिंग किंचित तिरकं पक्कं होतं आणि ॲक्सल त्याला ओढून बसतो. वरून काही दिसत नाही, स्प्लाइन मात्र एका बाजूने झिजत जातात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हा क्रम काय आहे ते नेमकं बघा.

सावध : चाक काढण्याआधी गाडी स्टँडवर नीट तोलली आहे ना? चाकाचं वजन मागून गेलं की ती पुढे झुकते. पुढचा ब्रेक लीव्हर पट्ट्याने हँडलला बांधून टाका.

११. रबरी बूट आणि आतला शाफ्ट

स्विंगआर्म आणि फायनल ड्राइव्हच्या मधल्या रबरी बुटाची प्रत्येक घडी बोटाने उघडून बघा. चीर, सुटलेली क्लिप, कडेला अडकलेला खडा, यापैकी काहीही असलं तरी आत पाणी जातं आणि युनिव्हर्सल जॉइंटचे (शाफ्टच्या वाकणाऱ्या सांध्याचे) सुई-बेअरिंग गंजतात.

शाफ्ट बाहेर काढायची वेळ आली तर आधी रंगाच्या पेनाने दोन्ही भागांवर एक सरळ रेघ ओढा. दोन टोकांचे जॉइंट एकमेकांच्या ठरावीक कोनात बसवलेले असतात. एक-दोन दाते फिरवून बसवलं तर गाडी एका ठरावीक वेगाला थरथरते आणि माणूस टायर बॅलन्स करत बसतो.

१२. पाण्यातून गेल्यावर

फायनल ड्राइव्ह तापलेला असताना तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. ब्रीदर असेल तर तिथून, नसेल तर सीलच्या ओठावरून पाणी आत येतं. लडाखमध्ये दुपारी बर्फ वितळून भरलेले नाले ओलांडणं किंवा जुलैत कोकणातल्या रस्त्यावर ॲक्सलपर्यंत पाणी असणं, दोन्हींचा परिणाम सारखाच. नाल्याआधी पाच मिनिटं थांबून डबा निवू दिला तरी फरक पडतो, तसंही पाणी किती खोल आहे ते बघायला थांबायलाच हवं.

अशा प्रवासातून आल्यावर किलोमीटर मोजू नका. भरायचं झाकण उघडा, सिरिंजने दहा मिली तेल ओढून काचेच्या ग्लासात धरा. स्वच्छ असेल तर तेच परत आत. दुधाळ असेल तर त्याच दिवशी बदला. पाणी राहिलेल्या डब्यात गाडी महिनाभर उभी राहिली की बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडतात, मग तेल कितीही बदला.

१३. इथून पुढे घरी नको

क्राउन आणि पिनियन बाहेर काढू नका. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजून शिम (पातळ चकत्या) घालून जुळवलेलं असतं. दात्यांना रंग लावून फिरवतात, रंगाचा ठसा दात्याच्या मध्यावर पडतो की टोकाला ते बघतात, शिम बदलतात, पुन्हा ठसा घेतात. मोठं बेअरिंग नुसतं बदललं तरी हे सगळं नव्याने करावं लागतं. त्याला डायल गेज लागतो, हाऊसिंग तापवायची सोय लागते आणि आधी हे काम केलेला माणूस लागतो. "क्राउन-पिनियन काय, ट्रकची रोज करतो" म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की शिमचं माप कसं घेणार. उत्तर "अंदाजाने बसतं" असेल तर गाडी परत आणा.

चाकाकडचं सील मात्र बऱ्याच गाड्यांत डबा न उघडता बदलता येतं. नवं सील ठोकताना ते सगळीकडून सारखं आत जायला हवं. जुनं सीलच उलटं धरून वर ठेवा आणि त्यावर लाकडी हातोडीने गोलाकार हलके ठोके द्या.

काम झाल्यावर सीटखाली एक चिकटपट्टी लावा आणि त्यावर पक्क्या पेनाने लिहा : तारीख, किलोमीटर, किती मिली निघालं, किती घातलं, चुंबकावर काय होतं. माझ्या गाडीवरची शेवटची ओळ अशी आहे : "४१,२६० किमी, निघालं १७५, घातलं १८०, मलम, तुकडा नाही."